गिटारवरील फिंगरपिकिंग : अंगठा आणि बोटे एकमेकांपासून मोकळी कशी करावीत?

मंद्रतार :
नमस्कार. गेली काही वर्षे मी पिकने (तार छेडण्याच्या चपट्या तुकड्याने) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, वाजवत आलो आहे आणि गाण्याला साथ करण्यापुरता हात बसला आहे. आता अंगठ्याने खर्जाच्या तारांवर ठेका धरायचा आणि त्याच वेळी बोटांनी वरच्या सुरांच्या बारीक तारांवर चाल वाजवायची, हे तंत्र शिकायला घेतले आहे. चालीतला सूर मात्रेवर येतो तोवर सारे सुरळीत चालते. तोच सूर दोन मात्रांच्या मधल्या जागी आला की अंगठा बोटाच्या मागोमाग जातो, म्हणजे एक तर बोटाबरोबर तोही तारेवर पडतो, नाही तर गोंधळून जागीच थांबतो, आणि ठेक्याला भोक पडते.

शिकवणाऱ्यांची मते ऐकावीत तर ती परस्परविरोधी आहेत. कुणी म्हणतात, अंगठा आपोआप चालू लागेपर्यंत बोटांना हातही लावू देऊ नका. कुणी म्हणतात, पहिल्या दिवसापासून दोन्ही एकत्र घ्या. एकट्या तर्जनीने भागते की तीन बोटे हवीत, करंगळी गिटारच्या पाटावर टेकवावी की नाही, अंगठ्यात घालायचे थंबपिक आत्ताच वापरावे का, हे उपप्रश्नही आहेत. ज्यांचा हात यातून गेला आहे त्यांनी नेमके काय केले, ते कृपया सविस्तर लिहावे.

अनुनाद :
माझे मत पहिल्या बाजूचे आहे आणि ते ठाम आहे. या तंत्रात ठेका, तालवाद्य आणि खर्ज ही तिन्ही कामे अंगठा एकटा करतो, आणि बोटे त्या आधारावर गातात. आधार डळमळीत असताना त्यावर चाल ठेवली की दोन्ही कोसळतात, म्हणून आधी अंगठाच.

सी कॉर्ड धरा आणि अंगठ्याने पाचवी, चौथी, पाचवी, चौथी अशा तारा प्रत्येक मात्रेला एक याप्रमाणे छेडा (सर्वांत बारीक तार ती पहिली, सर्वांत जाड ती सहावी). हे बसले की तिसऱ्या मात्रेला पाचवीऐवजी सहावी तार घ्या. त्यासाठी डाव्या हाताची अनामिका पाचव्या तारेवरून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) न्यावी लागते आणि परत आणावी लागते. ए मायनरमध्ये पाचवी, चौथी, सहावी, चौथी. ई मध्ये सहावी, चौथी, पाचवी, चौथी. जी मध्ये सहावी, चौथी, पाचवी, चौथी. डी मध्ये चौथी, तिसरी, चौथी, तिसरी. प्रत्येक कॉर्डचा हा रस्ता अंगठ्याला इतका पाठ असावा की कॉर्ड बदलताच तो न विचारता योग्य तारेवर उतरेल. अंगठा चालू ठेवून समोरच्याशी साधे संभाषण करता आले, वाक्य तुटले नाही आणि ठेकाही हलला नाही, की समजा आता बोटांना आत घेण्याची वेळ झाली.

अंगठ्याची हालचाल त्याच्या मुळाच्या सांध्यातून व्हावी. मधल्या पेरातून तो वाकवून तार ओढली तर वेग वाढताच तो थकतो आणि आवाजही किरकिरा येतो.

निळीसांज :
अनुनाद यांची संभाषणाची कसोटी अगदी योग्य आहे. मी तिला एक जोड देते : अंगठा चालू असताना गाण्याचे शब्द नुसते बोलून पाहावेत, गाऊ नयेत. गाताना आवाज आपोआप ठेक्याला चिकटतो, पण बोलताना तसा आधार मिळत नाही, त्यामुळे परीक्षा खरी होते.

शततंत्री :
अनुनाद यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून विरोध नोंदवतो. अंगठा कितीही पक्का झाला तरी मंद्रतार यांनी सांगितलेली अडचण त्याने सुटत नाही, हे मी शिकणाऱ्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहिले आहे. एकटा अंगठा तासभर न चुकता चालतो, संभाषणही होते, आणि तर्जनीने मधल्या जागी एक सूर लावला की तोच अंगठा अडखळतो. कारण सवय लागलेली असते ती ‘एकट्या अंगठ्या’ची. अंगठा आणि बोट मिळून होणारी हालचाल हे एक वेगळेच काम आहे आणि ते तेवढेच स्वतंत्रपणे शिकावे लागते.

बारकाईने पाहिले तर उजव्या हाताला कोणत्याही क्षणी तीनच गोष्टी करायच्या असतात : अंगठा एकटा, बोट एकटे, किंवा दोन्ही एकदम. एका आवर्तनाचे आठ खण पाडा आणि ‘एक नि दोन नि तीन नि चार नि’ असे मोजा. अंगठा फक्त अंकांवर पडतो, ‘नि’वर कधीच पडत नाही. बोट मात्र कुठेही पडू शकते. अंकावर पडले तर दोघांची चिमटी होते आणि ‘नि’वर पडले तर ते एकटे असते. आता चालीतला प्रत्येक सूर या आठ खणांपैकी कोणत्या खणात बसतो, ते कागदावर लिहून काढा. लिहून झाले की दोन स्वतंत्र आवाजांचे कोडे संपते आणि एका पाठोपाठ एक येणाऱ्या आठ हालचालींची एक ओळ समोर उरते. ती ओळ पाठांतराच्या वेगाने, म्हणजे प्रत्येक खणाआधी विचार करायला वेळ मिळेल इतक्या संथपणे वाजवायची.

उदाहरणार्थ, सी कॉर्डवर ‘एक’ला पाचवी आणि पहिली तार चिमटीत; ‘दोन’ला अंगठा चौथ्या तारेवर; लगेचच्या ‘नि’ला तर्जनी दुसऱ्या तारेवर; ‘तीन’ला अंगठा पाचव्या तारेवर; त्यानंतरच्या ‘नि’ला मधले बोट पहिल्या तारेवर; ‘चार’ला अंगठा चौथ्या तारेवर; आणि शेवटचा ‘नि’ मोकळा. हा एवढा नमुना संथपणे बसला तर निम्मे तंत्र हाती आले.

अनुनाद :
शततंत्री, आठ खणांची मांडणी उत्तम आहे आणि ती मी नाकारत नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. ज्याचा अंगठा अजून कॉर्डप्रमाणे तार शोधत आहे, त्याने आठ खणांची ओळ पाठ केली तर ती त्या एका गाण्यापुरती पाठ होते; दुसऱ्या गाण्यात पुन्हा शून्यापासून सुरुवात. अंगठ्याचे रस्ते आधी बसलेले असले की प्रत्येक नव्या चालीत शिकण्याचे ओझे बोटांपुरतेच उरते.

शततंत्री :
तार शोधावी लागू नये, हे मान्य. तेवढ्यासाठी अंगठा वेगळा बसवावा. पण ‘संभाषण करता येईपर्यंत बोटे लावूच नका’ ही अट फार लांबवते. अंगठा एका कॉर्डवर स्थिर झाला की त्याच दिवशी चिमटी सुरू करावी आणि ‘नि’वरचा एकच सूर घालून पाहावा. नाही तर शिकणारा महिनोन्महिने ठेकाच वाजवत राहतो आणि ज्यासाठी तो इकडे आला ते संगीत त्याला भेटतच नाही.

मूर्च्छना :
कोणती आणि किती बोटे वापरावीत, या उपप्रश्नाला इतिहासच उत्तर देतो. या शैलीला ज्यांचे नाव मिळाले ते मर्ल ट्रॅव्हिस (१९१७–१९८३) अमेरिकेतील केंटकी राज्याच्या मुलेनबर्ग परगण्यातले. अंगठ्याने खर्ज आणि बोटाने चाल ही पद्धत त्यांच्या आधीच त्या भागात रुजलेली होती. आर्नल्ड शुल्ट्झ, केनेडी जोन्स, मोझ रेजर आणि आइक एव्हर्ली ही त्या परंपरेतली नावे. ट्रॅव्हिस अंगठ्यात थंबपिक घालत आणि चालीसाठी मुख्यतः एकटी तर्जनी वापरत. तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा पाटावर जिथे अडकवलेल्या असतात तिथे) टेकवून ते खर्जाच्या तारा अर्धवट दाबत, त्यामुळे ठेका बुटका आणि ठसठशीत येई व चाल त्यावर स्वच्छ उठून दिसे. डाव्या हाताचा अंगठा मानेवरून वळवून सहावी तार दाबणे हीही त्यांची खास पद्धत होती.

चेट ॲटकिन्स (१९२४–२००१) यांनी तरुणपणी ट्रॅव्हिस यांना रेडिओवर ऐकले. वाजवणारा हात दिसत नव्हता, त्यामुळे हे सारे एका अंगठ्याने आणि एका बोटाने होत असेल असे त्यांना वाटले नाही, आणि त्यांनी अंगठा व अधिक बोटे वापरून स्वतःची पद्धत घडवली. पुढे तिचीच एक स्वतंत्र वाट झाली. रेव्हरंड गॅरी डेव्हिस (१८९६–१९७२) यांचे गुंतागुंतीचे रॅगटाइम वादन ऐकले तर तेही अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच चालते. म्हणजे एका बोटानेही शिखर गाठता येते आणि तिन्ही बोटांनीही.

माझा सल्ला : एका बोटाने येणारा आवाज ठसकेदार आणि एकसारखा असतो, दोन किंवा तीन बोटांनी वेग आणि मऊपणा मिळतो. नव्याने शिकणाऱ्याने तर्जनी दुसऱ्या तारेला आणि मधले बोट पहिल्या तारेला वाटून द्यावे, कारण त्यामुळे तार बदलताना हात हलत नाही.

कल्याणथाट :
शास्त्रीय गिटारच्या बाजूने थोडे. तिथे अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांना पी, आय, एम, ए ही स्पॅनिश नावांची आद्याक्षरे आहेत आणि बोटांच्या मोकळेपणाचा अभ्यास निव्वळ उजव्या हातासाठी वेगळा काढलेला आहे. इटालियन गिटारवादक मॉरो जुलियानी यांच्या पहिल्या ओपसमध्ये (प्रकाशित कृतीत) उजव्या हाताचे १२० अभ्यास आहेत आणि ते सगळे सी आणि जी सेव्हन या दोनच कॉर्डवर बेतलेले आहेत. डाव्या हाताला जवळजवळ काहीच काम न ठेवण्यामागे मोठी जाण आहे : लक्ष एकाच हातावर राहते.

मंद्रतार यांनी यातले पहिले दहा-पंधरा अभ्यास घेतले तरी पुरे. चाल वेगळी ऐकू येण्यासाठी बोटाला जो जोर लागतो, तो देण्याच्या दोन पद्धतीही तिथे शिकता येतील. ज्या छेडीत बोट तार ओढून हवेत थांबते ती तिरांदो, आणि ज्या छेडीत ते तार ढकलून पुढच्या तारेवर विसावते ती आपोयांदो. आपोयांदोने तोच सूर भरदार येतो. मात्र शेजारची तार त्याच क्षणी वाजत ठेवायची असेल तर आपोयांदो चालत नाही, कारण बोट तिच्यावर टेकते आणि तिचा आवाज बंद होतो.

सहावीतार :
अंगठा खर्जासाठी आणि बोटे चालीसाठी, हा नियमसुद्धा अटळ नाही, हे इथे नमूद करावेसे वाटते. एलिझाबेथ कॉटन (१८९३–१९८७) डावऱ्या होत्या आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरून वाजवत. त्यामुळे त्यांची बोटे खर्ज धरत आणि अंगठा चाल वाजवी. त्यांच्या वादनाचा गोडवा ऐकला की लक्षात येते, कोणत्या अवयवाने कोणते काम करायचे हे दुय्यम आहे. दोन्ही आवाजांचे स्थान वाजवणाऱ्याच्या कानात स्पष्ट असले पाहिजे.

पाचवापडदा :
करंगळीबद्दल कुणी लिहिले नाही. मी टेकवतो आणि मला त्याचा फायदाच झाला आहे. तारा कुठे आहेत हे हाताला न पाहता कळते.

कल्याणथाट :
पाचवापडदा, टेकवण्यामागची सोय खरी आहे आणि तिला जुनी परंपराही आहे. ल्यूट हे जुने युरोपीय तंतुवाद्य वाजवणारे करंगळी वाद्याच्या पाटावर टेकवत. आजच्या शास्त्रीय गिटारमध्ये मात्र ती टेकवत नाहीत. करंगळी आणि अनामिका यांच्या हालचाली एकमेकींशी जोडलेल्या असतात, त्यामुळे करंगळी रोवून ठेवली की अनामिका जड होते. शिवाय हात एकाच जागी अडकतो आणि साउंडहोलजवळचा मऊ व ब्रिजजवळचा धारदार आवाज यांत ये-जा करता येत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एवढ्यावरच वाजवणार असाल तर टेकवण्याने मोठे नुकसान नाही. फक्त भार देऊ नका, स्पर्श ठेवा.

अनुनाद :
याला माझीही सहमती आहे. ट्रॅव्हिस शैलीत तळहाताची कड ब्रिजवर असतेच, तोच पुरेसा आधार आहे. तिच्यावर करंगळीचाही भार आला की मनगट वाकते आणि वाकलेल्या मनगटाने बराच वेळ वाजवले तर दुखू लागते. दुखले तर त्याच क्षणी थांबावे. वेदना सहन करून हात तयार होतो ही समजूत घातक आहे.

चंद्रकौंस :
थंबपिकबद्दल माझा अनुभव लिहिते. त्याने खर्जाला धार येते आणि मोठ्या खोलीतही ठेका ऐकू जातो, पण अंगठ्याची लांबी अचानक वाढल्यासारखे होते आणि नेम चुकतो. ज्यांचा अंगठा अजून तार शोधत आहे त्यांनी आधी नुसत्या अंगठ्याने शिकावे, असे मला वाटते. घ्यायचेच असेल तर मापाकडे लक्ष द्या : घट्ट पिकने अंगठा बधिर होतो आणि सैल पिक वाजवताना फिरते. प्लॅस्टिकचे पिक गरम पाण्यात मऊ करून अंगठ्याच्या आकाराला बसवता येते आणि त्याचे टोक फार लांब वाटले तर कानशीने घासून आखूड करता येते.

वाद्याचाही विचार करावा. स्टीलच्या तारांच्या गिटारला नटजवळची (मानेच्या वरच्या टोकाच्या पट्टीजवळची) रुंदी साधारण ४३ ते ४४ मिलिमीटर असते आणि शास्त्रीय गिटारला सुमारे ५२. रुंद मानेवर तारांमध्ये अंतर जास्त असल्यामुळे बोटे एकमेकांत अडकत नाहीत, पण डाव्या अंगठ्याने सहावी तार दाबणे जवळजवळ अशक्य होते.

लयसखा :
नखांविषयीही एक ओळ हवी होती. स्टीलच्या तारांवर नखे लवकर झिजतात. बोटाचा मांसल भाग आणि नखाची अगदी अरुंद कड एकाच वेळी तारेला लागेल एवढेच नख ठेवावे.

मंद्रतार :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन्ही बाजू वाचून मी माझे वादन ध्वनिमुद्रित केले आणि आठ खण समोर ठेवून ऐकले. त्यातून एक गोष्ट कळली, ती इथे मांडतो, कारण तिच्यामुळे प्रश्नच थोडा बदलतो. अंगठा प्रत्येक ‘नि’ला अडखळत नाही. दुसऱ्या मात्रेनंतरचा सूर व्यवस्थित येतो. अडखळतो तो चौथ्या मात्रेनंतरच्या ‘नि’ला, आणि तेही पुढच्या आवर्तनात कॉर्ड बदलणार असेल तेव्हाच. म्हणजे दोष उजव्या हाताचा आहे की डाव्या?

मूर्च्छना :
डाव्याचा, आणि हा फार मोलाचा शोध आहे. शेवटच्या ‘नि’ला बोट जुन्या कॉर्डवरचा सूर वाजवत असते आणि त्याच वेळी डावा हात नव्या कॉर्डकडे निघालेला असतो. जुना सूर पूर्ण वाजेपर्यंत त्या तारेवरचे बोट सोडता येत नाही, पण ‘एक’ला खर्जाची नवी तार मात्र दाबलेली हवी असते. पिकने कॉर्ड वाजवताना सगळी बोटे एकदम उचलून एकदम ठेवायची सवय लागते. स्ट्रमिंगमध्ये (सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवताना) ती खपते, कारण त्या रिकाम्या क्षणी मोकळ्या तारा वाजल्या तरी कानाला खटकत नाही. इथे ती चालत नाही.

उपाय असा की नव्या कॉर्डमधले खर्जाचे बोट सर्वांत आधी ठेवायचे आणि उरलेली बोटे ज्या क्रमाने त्यांच्या तारा वाजणार आहेत त्या क्रमाने येऊ द्यायची. सीवरून जीवर जाताना सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचे बोट पहिले. पहिल्या तारेवरच्या बोटाला, तिथला सूर उशिरा येणार असेल तर, तेवढी सवड मिळते. कॉर्ड म्हणजे एकाच क्षणी बसवायचा साचा आहे ही कल्पना सोडली की हात कितीतरी मोकळा होतो.

शततंत्री :
मूर्च्छना यांनी नेमके वर्मावर बोट ठेवले. सरावासाठी पूर्ण गाणे घेऊ नका. फक्त चौथी मात्रा, त्यानंतरचा ‘नि’ आणि नव्या कॉर्डची पहिली मात्रा, एवढे तीन खण घ्या आणि तेच फिरवत राहा. बाकीचे पाच खण येत असतील तर ते पुन्हा पुन्हा वाजवण्यात सरावाचा वेळ जातो आणि अडलेली जागा तशीच राहते.

निळीसांज :
माझ्या घरच्यांना मी शिकत असलेला नमुना इतका पाठ झाला आहे की लय हलली तर आतल्या खोलीतून लगेच सूचना येते. ही मदत मी मनापासून घेते, कारण वाजवणाऱ्याचे लक्ष बोटांकडे असते आणि ऐकणाऱ्याचे फक्त ठेक्याकडे.

सहावीतार :
थोडे विषयाला धरूनच अवांतर. १९६८ मध्ये बीटल्स ऋषिकेशला राहिले होते तेव्हा स्कॉटिश गायक डोनोव्हन यांनी त्यांच्यातल्या जॉन लेनन यांना हेच पिकिंग शिकवले. तोवर लेनन यांची गाणी साथीला मुख्यतः स्ट्रमिंग धरून असत. त्यानंतरच्या काही गाण्यांत अंगठ्याचा फिरता खर्ज आणि वर झिरपणारे सूर स्पष्ट ऐकू येतात. नावारूपाला आलेल्या वादकानेही हात नव्याने घडवला, यातून उमेद घ्यावी.

भूपरात्र :
इतक्या चर्चेत एक सोपा मार्ग राहूनच गेला. खर्ज बदलता ठेवलाच पाहिजे असे नाही. ब्लूजमध्ये एकाच तारेवर सलग ठेका धरण्याची मोठी परंपरा आहे. बिग बिल ब्रून्झी आणि मान्स लिप्सकोम यांचे वादन ऐका. ई कॉर्ड धरायची, सहावी तार प्रत्येक मात्रेला अंगठ्याने वाजवायची आणि तळहाताच्या कडेने थोडी दाबून ठेवायची. अंगठ्याला तार शोधायची नसल्यामुळे सगळे लक्ष बोटांच्या ‘नि’कडे देता येते. अनुनाद आणि शततंत्री यांच्या वादाला याने उत्तर मिळते असे मला वाटते : अंगठ्याचे रस्ते वेगळे बसवत राहावे, आणि त्याच दिवसांत एका तारेवरच्या ठेक्यावर बोटांना मधल्या जागी पडायला शिकवावे. दोन्ही अभ्यास तयार झाले की ते एकमेकांत मिसळावे.

अनुनाद :
भूपरात्र, हे पटले. शिकवताना मी हा क्रम नक्की वापरून पाहीन. एका तारेवरचा ठेका ऐकायला साधा वाटतो, पण त्यात लपायला जागा नसते. प्रत्येक ठोका सारख्याच वजनाचा यावा लागतो.

लयसखा :
मेट्रोनोमविषयी, म्हणजे ठरावीक वेगाने टोले देणाऱ्या यंत्राविषयी : तो मिनिटाला ६० वर लावून प्रत्येक टोल्याला अंगठा ठेवावा. तिथे स्थिर झाल्यावर वेग वाढवण्याआधी एक प्रयोग करावा. मेट्रोनोम ३० वर आणायचा आणि त्याचा टोला फक्त दुसऱ्या व चौथ्या मात्रेला येतो असे धरून वाजवायचे. वेग तोच राहतो, पण पहिली आणि तिसरी मात्रा स्वतःच्या आतून यावी लागते. ज्याचा अंगठा बोटाच्या मागे ओढला जातो त्याला ते इथे ताबडतोब कळते, कारण पुढचा टोला त्याच्याआधी किंवा नंतर पडतो.

पाचवापडदा :
कल्याणथाट यांनी सांगितल्याप्रमाणे करंगळी उचलून वाजवून पाहिले. नेम अजून पूर्वीसारखा नाही, पण अनामिका खरोखरच हलकी झाली. मी हे चालू ठेवणार आहे.

चंद्रकौंस :
आवाजाच्या समतोलाबद्दल एक गोष्ट राहिली. अंगठा पक्का झाल्यावर तो जोरातही वाजू लागतो आणि चाल त्याखाली दबते. ध्वनिमुद्रण दुसऱ्या खोलीतून ऐकावे. तिथून चाल गुणगुणता आली तर समतोल बरोबर आहे. नसेल तर बोटांचा जोर वाढवण्याआधी अंगठ्याचा कमी करावा.

मंद्रतार :
बऱ्याच दिवसांनी पुन्हा लिहीत आहे. भूपरात्र यांच्या मार्गाने सुरुवात केली, शततंत्री यांनी सांगितलेले तीन खण रोज फिरवले आणि मूर्च्छना यांच्या सूचनेप्रमाणे खर्जाचे बोट आधी ठेवायची सवय लावली. सी, ए मायनर आणि जी या तीन कॉर्डवर चौथ्या मात्रेनंतरचा सूर आता ठेका न मोडता येतो. अनुनाद यांची संभाषणाची कसोटी एकट्या अंगठ्याने पार पडते. बोटांसकट अजून पार पडत नाही, आणि त्यासाठी वेळ लागेल हे मला मान्य आहे. करंगळी मी टेकवत नाही. थंबपिक पुढे घेईन.

आता एक नवा प्रश्न. मला आवडणारी काही गाणी तीन मात्रांची आहेत. अंगठ्याचा एकाआड एक रस्ता चार मात्रांना धरून असल्यामुळे तिथे तो दुसऱ्याच आवर्तनात उलटा पडतो. अशा वेळी अंगठा कसा चालवावा?

अनुनाद :
तीन मात्रांत एकाआड एक हा विचार आवर्तनाच्या आत करू नका, आवर्तनांमध्ये करा. सी कॉर्डवर पहिल्या मात्रेला पाचवी तार, दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेला चौथी. पुढच्या आवर्तनात पहिल्या मात्रेला सहावी, मग पुन्हा दोनदा चौथी. पहिल्या मात्रेचा खर्ज असा बदलत राहिला की ठेक्याला चाल मिळते आणि कॉर्ड दोन आवर्तने टिकली तरी एकसुरीपणा येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेचा जोर मुद्दाम हलका ठेवा.

शततंत्री :
आणि खण आठांऐवजी सहा पाडा : ‘एक नि दोन नि तीन नि’. तिसऱ्या मात्रेनंतरचा ‘नि’ हाच इथला कॉर्डबदलाचा अवघड खण आहे. तिथूनच सुरुवात करा.